‘पुढं गारा हाय’: नागपूर ते रामटेक, पांदणीत अडकलेल्या सहा सायकलींचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या एका सायकल गटातले सहा जण जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी माउंटन बाइक घेऊन रामटेककडे निघाले. जाताना कामठी, कन्हान, मग हमरस्ता सोडून शेतशिवारातून नगरधन, रात्री मुक्काम रामटेकला. दुसऱ्या दिवशी मनसर आणि परत. डांबरावरून सरळ गेले तर रामटेक नागपूरपासून पन्नासेक किलोमीटर. सरावलेला माणूस जेवणाच्या वेळेआधी पोहोचतो. हे सहा जण तिथे पोहोचले रात्री साडेसातला, सायकली टेम्पोत घालून.

मी त्या दिवशी सोबत नव्हतो. घरच्या लग्नामुळे मागे राहिलो होतो आणि ‘काही लागले तर फोन करा’ या कामावर माझी नेमणूक झाली होती. नंतरच्या दोन आठवड्यांत मी सहाही जणांशी वेगवेगळा बोललो आणि मोबाइलवर नोंदलेला मार्ग पाहिला. त्यावरून हे लिहिले आहे. नावे आणि लहान गावांची ओळख मुद्दाम दिलेली नाही. मंडळी अशी: मार्ग आखणारा कप्तान, एकसष्ट वर्षांचे निवृत्त काका, शाळेत शिकवणारे मास्तर, फिजिओथेरपिस्ट ताई, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ज्याला सगळे पोरगा म्हणतात, आणि वर्षभरापूर्वी बदलीवर आलेला पुणेकर.

मार्ग असा का आखला

कप्तानाला इतिहासाचे वेड आहे. कामठी १८२१ साली वसलेली इंग्रजांची छावणी, तिथून कन्हान ओलांडली की नगरधन, म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने नवऱ्यामागे मुले लहान असताना याच भागातून राज्य चालवले. नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. पुढे रामटेकच्या डोंगरावर त्याच काळातली नरसिंहाची देवळे, आणि खाली मनसरला हिडिंबा टेकडी. १९७२ मध्ये मनसरला सापडलेली शिवाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात एवढे सगळे, आणि आपण ते गाडीच्या काचेतून बघतो, अशी कप्तानाची तक्रार. नगरधनला डांबरावरून पोहोचणे म्हणजे मागच्या दाराने घरात शिरणे, हे त्याचे वाक्य गटात प्रसिद्ध आहे.

म्हणून त्याने उपग्रहाच्या चित्रावरून साडेसहा किलोमीटरची एक पांदण शोधली. पांदण म्हणजे दोन वावरांमधून जाणारी बंडीवाट. ती धरली की डांबराचे पंधरा किलोमीटर वाचतात आणि नगरधनच्या अंगाला शेतातून निघता येते. मोबाइलवर रेघ छान दिसत होती. ते चित्र मात्र कुठल्या तरी उन्हाळ्यातले होते. हे मी नंतर ताडून पाहिले. वावरे मोकळी आणि भेगाळलेली दिसतात.

आदल्या गुरुवारी रात्री अवकाळी पाऊस झाला होता. नागपुरात फार नाही, रस्ते शुक्रवारी सकाळी कोरडे होते. गटाच्या ग्रुपवर पावसाचा उल्लेख एकदाच आला, तोही मास्तरांचा: ‘आषाढात ढग बघायला रामटेकला जावे, पौषात आले तर घरी बसावे.’ त्यावर सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले आणि विषय संपला.

अडचण कशी वाढत गेली

सहाला निघायचे ते ऑटोमोटिव्ह चौकातून सहा चाळीसला निघाले. कामठीला तर्री पोह्यांसाठी पस्तीस मिनिटे गेली. यात काही गैर नाही, पोहे खाल्ल्याशिवाय नागपूरकर कुठे जात नाही. कन्हानचा पूल साडेआठला ओलांडला. मग बाभळीच्या काट्यांनी तीन पंक्चर. सहापैकी चार सायकलींना साधी ट्यूब होती, आत सीलंट, म्हणजे बारीक छिद्र आपोआप बुजवणारे द्रव, भरलेले ट्यूबलेस टायर दोघांकडेच. काटा दिसेल तो काढायचा, आत बोट फिरवून न दिसणारा शोधायचा, मग ठिगळ. प्रत्येक पंक्चरला वीस-पंचवीस मिनिटे. पांदणीच्या तोंडाशी असलेल्या गावात पोहोचायला पावणेबारा झाले. नियोजनाप्रमाणे तिथे दहाला पोहोचायचे होते.

इथे पहिला निर्णय होता, आणि माझ्या मते सगळे प्रकरण याच दहा मिनिटांत घडले.

चहाच्या टपरीवर साठीतले एक शेतकरी बसले होते. कप्तानाने विचारले, ‘मामा, ही पांदण नगरधनच्या रस्त्याला निघते ना?’ मामा म्हणाले, ‘निघते ना बाप्पा.’ कप्तानाचे समाधान झाले आणि तो पैसे द्यायला वळला. मग मामांनी सायकलींकडे एकदा बघितले आणि शेजारी उभ्या पुणेकराला म्हणाले, ‘पर इकडून नोका जाऊ भाऊ. पुढं गारा हाय.’

पुणेकराने हे कप्तानाला सांगितले ते असे: ‘पुढे गारपीट झाली म्हणतायत.’ कप्तानाने हिशेब केला की गारा गुरुवारी पडल्या असतील तर शनिवारी दुपारपर्यंत त्यांचा मागमूस उरणार नाही. ‘वितळल्या असतील,’ तो म्हणाला आणि सायकलवर बसला.

आमच्याकडे गारा म्हणजे चिखल. भिंत लिंपायला, विटा रचायला मातीत पाणी आणि तणस घालून जो कालवतात तो गारा. आभाळातून पडते ती गार, आणि तिचे अनेकवचन गारा. मामा ‘गारा हाय’ म्हणाले. आभाळातल्या असत्या तर ‘गारा पडल्या’ म्हणाले असते. कप्तानाने स्वतः ऐकले असते तर त्याला क्षणात कळले असते, तो मूळचा सावनेरचा. पण निरोप पुण्यावरून फिरून आला आणि वाटेत अर्थ बदलला. पुणेकर बिचारा अजूनही या एका शब्दावरून चिडवून घेतो. मला दोष त्याचा वाटत नाही. त्याने ऐकले ते प्रामाणिकपणे सांगितले. ज्याला निर्णय घ्यायचा होता त्याने मामांशी दुसरे वाक्य बोलायला हवे होते.

साडेबाराला सहाही जण पांदणीत शिरले. पहिले सहाशे मीटर मुरूम, टणक, मजेदार. पोरग्याने व्हिडिओ काढला. नंतर जमीन खोलगट झाली आणि मुरूम संपून काळी माती लागली.

ज्यांनी ओल्या काळ्या मातीत सायकल घातली नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. वरून दोन दिवसांचे ऊन लागले की पातळ पापुद्रा वाळतो आणि जमीन कोरडी दिसते. खाली लोणी असते. चाक पापुद्रा फोडते, माती टायरला चिकटते, पुढच्या फेऱ्यात तिच्यावर आणखी थर बसतो. टायर आणि फ्रेमच्या मधे जेमतेम बोटभर जागा असते. ती भरली की चाक फिरतच नाही. त्यात पांदणीवर धानाचे तणस आणि पऱ्हाटीच्या काड्या पडलेल्या होत्या. घराच्या भिंतीसाठी जे मुद्दाम कालवावे लागते ते या चाकांनी चालता चालता कालवले. ताईंच्या अंदाजाने तिच्या सायकलीचे वजन दुप्पट झाले होते.

सव्वा वाजता ते दीड किलोमीटरवर होते. दुसरा निर्णय इथे: परत दीड, की पुढे पाच? काका म्हणाले परत. मास्तर म्हणाले, हा खोलगट भाग ओलांडला की पुन्हा मुरूम लागेल. उंचवट्यावर मुरूम आणि खोलात काळी हे त्यांचे निरीक्षण बरोबर होते, पण पुढे उंचवटा आहे की नाही हे कुणी पाहिले नव्हते. ‘इतके आलोच आहोत’ हे कप्तानाचे उत्तर. हात वर करून मत घेतले, चार विरुद्ध दोन. ताई आणि काका हरले. सगळ्यात दमलेले दोघे तेच होते, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही.

पुढचे अकराशे मीटर जायला सव्वा तास लागला. सायकल ढकलायची, वीस पावलांवर थांबायचे, काडीने माती खरवडायची. पोरग्याला ढकलायचा कंटाळा आला. त्याने सर्वात हलका गिअर टाकून जोर लावला. मातीने भरलेली साखळी मागच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाच्या, पुल्यांत अडकली, पुढून जोर चालूच राहिला, आणि डिरेलर वर ओढला जाऊन त्याचा हँगर कट्कन तुटला. हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा अॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम नाजूक करतात, की तुटायचेच तर तो तुटावा, फ्रेम वाचावी. त्याने आपले काम चोख केले. फक्त दुसरा हँगर कुणाकडे नव्हता, आणि दुसऱ्याचा असता तरी बसला नसता. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा.

दोन चाळीस. पुढे जवळजवळ चार किलोमीटर, मागे अडीचच्या वर. काकांच्या पिंढऱ्यांत गोळे येत होते. पाणी सहा जणांत मिळून दोन लिटर. कप्तानाचा मला फोन आला तो यावेळी.

समोरचे पर्याय

फोनवर आम्ही जे बोललो ते असे. मागे फिरायचे तर रस्ता माहीत होता, पण तोच चिखल पुन्हा तुडवायचा. पुढे एक नाला होता, त्यात पाणी किती ते माहीत नाही. दोघांना पुढे पाठवून ट्रॅक्टर आणवायचा, ही मास्तरांची सूचना मला सुरुवातीला पटली. मग ताईने फोन घेतला आणि विचारले, ‘दादा, काकांना मी एकटी सांभाळू का? आणि ते दोघे नाल्यात अडकले तर कुणाला कळणार?’ गट फोडायचा नाही, एवढे तिथेच ठरले. तिच्या त्या दोन प्रश्नांनी उरलेली दुपार वाचली असे मला वाटते.

सायकली तिथेच ठेवून चालत परत जायचे आणि संध्याकाळी ट्रॅक्टर आणायचा, हाही पर्याय होता. आज विचारले तर मी तोच सांगेन. तेव्हा कुणाला तो पचला नाही. पन्नास-साठ हजारांच्या सायकली उघड्या शिवारात सोडायच्या म्हटल्यावर माणसाचे पाय उचलत नाहीत.

शेवटचा पर्याय पुणेकराला दिसला. डावीकडे सातशे मीटरवर कालव्याची पाळ होती, उंच आणि रंगाने तांबूस, म्हणजे मुरमाची. पण मधे कुणाचा तरी घाटे धरलेला हरभरा उभा होता.

काय केले

कडेच्या धुऱ्याने, म्हणजे बांधावरून, एका रांगेत, सायकली खांद्यावर घेऊन ते निघाले. हरभऱ्यात पाय टाकायचा नाही, असे काकांनी बजावले. तरी धुरा अरुंद, माणूस दमलेला, दोनतीनदा पाय घसरलाच. अर्ध्या वाटेवर वावराचा मालक ओरडत आला. काका पुढे झाले, टोपी काढली आणि आधी माफी मागितली, मग कारण सांगितले. त्या माणसाने तुटलेला डिरेलर लोंबकळताना बघितला, पोरग्याचे तोंड बघितले आणि म्हणाला, ‘शहरातली मानसं. पैसे देऊन गाऱ्यात येता.’ मग स्वतःचे खुरपे काढून दिले. त्या खुरप्याने चाके जितकी साफ झाली तितकी दोन तासांत काड्यांनी झाली नव्हती. काकांचे ओझेही त्यानेच वाचवले. सायकल उचलून पाळीपर्यंत नेऊन दिली. पैसे देऊ केले तेव्हा घेतले नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी पाळीवर, पाच दहाला डांबरावर. पोरगा सायकल ढकलत होता. रामटेक अजून सोळा किलोमीटर आणि सूर्य मावळायला चाळीस मिनिटे.

इथे शेवटचा निर्णय होता आणि तो मला सगळ्यात शिकवणारा वाटतो, कारण आता अडचण चिखलाची राहिली नव्हती, मानाची होती. सहा जणांत पुढचे दिवे तीन, मागचे दोन. रस्त्यावर धानाच्या पोत्यांचे ट्रक आणि मागे लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर. तरी कप्तान, मास्तर आणि पुणेकर सायकलवरच जायचे म्हणत होते. ‘टेम्पोतून उतरून रामटेकला काय तोंड दाखवायचे?’ रामटेकला त्यांना ओळखणारे कुणीही नव्हते, हे नमूद करतो.

या वेळी काकांनी मत घ्यायला नकार दिला. ते फक्त म्हणाले, ‘मी गाडी बोलावतोय. ज्याला यायचे त्याने या.’ आणि चौकातल्या पानठेल्यावर जाऊन छोटा हत्ती ठरवला. चौदाशे रुपये. पाच मिनिटांनी सहाही सायकली गाडीत होत्या.

निष्पत्ती

कुणाला इजा झाली नाही. काकांच्या पिंढऱ्या आठवडाभर दुखल्या. धर्मशाळेच्या नळावर रात्री दहापर्यंत सायकली धुणे चालले. वाळलेली काळी माती दगडासारखी होते, त्यामुळे ती रात्रीच काढली हे बरे केले. पुणेकराने मात्र नळी थेट चाकाच्या मध्यावर धरली आणि बेअरिंगमध्ये पाणी घातले. तो खर्च फेब्रुवारीत निघाला.

रविवारी सकाळी रामटेकच्या बाजारात एका सायकल मिस्त्रीने पोरग्याची सायकल चालती केली. माउंटन बाइक त्याने पहिल्यांदा हातात घेतली होती. त्याने डिरेलर काढून टाकला, साखळी तोडून लहान केली आणि मागच्या चकत्यांपैकी जिच्यावर साखळी आपोआप ताणलेली बसते ती शोधत बसला. पाचव्या खेपेला जमले. एका गिअरची सायकल तयार, खर्च ऐंशी रुपये. मागे शॉक असलेल्या सायकलीला हा उपाय चालत नाही, कारण दांडी हलली की साखळी सैल पडते. पोरग्याची मागून ताठ होती, म्हणून निभावले.

डोंगरावर सगळे चालत गेले. मनसर सोडून दिले. परतताना आधी नगरधनचा किल्ला, डांबराने, मागच्या दाराने. मग वाट वाकडी करून चहाच्या टपरीवर. मामा तिथेच होते. कप्तानाने त्यांच्यासमोर कान पकडले आणि त्यांचा फोन नंबर घेतला.

वेगळे काय करता आले असते

‘रस्ता जातो का?’ या प्रश्नाला खेड्यात उत्तर नेहमी ‘जातो’ असेच येते, आणि ते खरे असते. जातोच तो, शंभर वर्षांपासून. विचारायला हवे होते, ‘काल-परवा इकडून कुणी बंडी-ट्रॅक्टर नेला का?’ पोरग्याच्या व्हिडिओत पांदणीच्या तोंडाशी ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिसतात, पण त्यांच्या कडा वाळून गोल झालेल्या आहेत. म्हणजे पावसानंतर एकही ट्रॅक्टर आत गेला नव्हता. ज्याचे वावर आत आहे तो जात नसेल तर आपण कशाला जावे?

दुसरे, वेळ. नियोजन किलोमीटरमध्ये केले होते, तासांत नाही. ‘बारा वाजेपर्यंत पांदण लागली नाही तर डांबर’ असे आदल्या रात्री ठरले असते तर पावणेबाराला पोहोचलेल्या गटाने निदान घड्याळाकडे बघितले असते. पंधरा मिनिटांच्या फरकाने नियम लागू झाला नसता हे मान्य. पण विचार तरी झाला असता.

आता गटाने ठरवले आहे की शंका असेल तिथे एकाने बिनसामानाचे दोनशे मीटर आत जाऊन यायचे. यावर माझा आक्षेप आहे. या पांदणीत पहिले सहाशे मीटर मुरूमच होता. दोनशे मीटरवरून आलेला माणूस ‘मस्त आहे’ म्हणाला असता. पहिल्या खोलगट जागेपर्यंत जायला हवे, मग ती कितीही लांब असो.

मतदानाबद्दल गटात अजून एकमत नाही. कप्तान म्हणतो बहुमत हवेच. मी म्हणतो, परत फिरायचे का हे सर्वात दमलेल्याने ठरवावे, कारण पुढे तोच सगळ्यांचा वेग ठरवणार आहे. सव्वा वाजता काकांचे ऐकले असते तर अडीचला सगळे टपरीवर चहा पीत असते, हँगरही शाबूत. प्रत्येकाने आपापल्या फ्रेमचा एक हँगर जवळ बाळगायचा, यावर मात्र कुणाचा वाद नाही. एवढासा तुकडा, खिशात मावतो.

मार्चच्या सुरुवातीला कप्तानाने पुन्हा त्याच मार्गाचा विषय काढला. या वेळी त्याने आधी मामांना फोन लावला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. मामा म्हणाले, ‘या ना बाप्पा, आता गारा नाई. पर फुफाटा लय हाय.’

कप्तान काही बोलण्याआधी पुणेकर फोनकडे वाकला. ‘मामा, एक मिनिट. फुफाटा म्हणजे नेमकं काय?’